अर्जातला एक रकाना : न्कोसी जॉन्सनचं प्रकरण

शाळाप्रवेशाच्या अर्जात एक रकाना असतो : पाल्याला काही आजार आहे का? बहुतेक पालक तिथे आडवी रेघ मारून पुढे जातात. फार तर दमा, फिट, कसली तरी ॲलर्जी. १९९७ साली जोहान्सबर्गच्या मेलव्हिल भागातल्या मेलपार्क प्राथमिक शाळेचा अर्ज भरताना गेल जॉन्सन यांनी त्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं : हो, एड्स. त्यांनी सांभाळायला घेतलेला हा मुलगा, न्कोसी, आठ वर्षांचा होता.

बरेच दिवस काही कळेना म्हणून त्यांनी शाळेत फोन केला, तेव्हा ‘आम्ही कळवू’ असं उत्तर आलं. मग शिक्षक-पालकांची सभा भरली. निम्मे म्हणाले घ्या, निम्मे म्हणाले नको. घरात मोठ्या भावाचं लग्न होतं, नेमकी त्याच दिवशी ही बातमी पत्रकारांच्या हाती लागली. ‘माझं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं,’ असं त्या मुलाने तीन वर्षांनी सांगितलं. लोक वाईट होते असं तो म्हणत नाही. गोंधळलेले होते म्हणतो. आठ वर्षांच्या पोराला भोवतालची मोठी माणसं गोंधळलेली दिसावीत, ही निरीक्षणशक्ती कमी समजू नये.

न्कोसी जॉन्सनची गोष्ट सहसा रडवण्यासाठी सांगितली जाते. किरकोळ अंगाचा मुलगा, भलंमोठं व्यासपीठ, टाळ्या, आणि वर्षभरात मृत्यू. लैंगिक आरोग्य आणि एचआयव्हीवर काम करणाऱ्या तरुण मुलामुलींनी हे प्रकरण वेगळ्या अंगाने वाचावं असं मला वाटतं. त्याने नेमकं काय मागितलं, ते देणं कुणाच्या हातात होतं आणि कोणत्या कागदावर कधी सही झाली, एवढंच बघत गेलं तरी बरंच हाती लागतं.

घर

त्याचं जन्माचं नाव झोलानी न्कोसी. जन्म ४ फेब्रुवारी १९८९ चा. न्कोसी हे आडनाव; झुलूत त्याचा अर्थ राजा, धनी. पुढे तेच हाक मारायचं नाव झालं आणि आडनाव गेलबाईंचं लागलं. आई डॅफ्नी स्वतः एचआयव्ही पॉझिटिव्ह. तो दोन वर्षांचा असताना एड्सच्या रुग्णांसाठी चालवलेल्या एका केंद्रात राहत होता, कारण वस्तीत कळलं तर आपल्याला हाकलून देतील ही आईला धास्ती. जमेल तेव्हा ती भेटायला येई. पैसे संपले आणि केंद्र बंद पडलं. केंद्राच्या संचालकांपैकी एक असलेल्या गेल त्याला अधूनमधून शनिवार-रविवारी घरी नेत. त्यांनी मंडळाच्या बैठकीतच सांगितलं, मी नेते याला. गोरी बाई, काळं मूल, मेलव्हिलसारखी वस्ती. कोणत्या वंशाच्या माणसाने कुठे राहायचं हे ठरवणारा कायदा १९९१ मध्येच रद्द झाला होता. थोडं आधी घडतं, तर हे घरच बेकायदा ठरलं असतं.

गेलनी त्याला पहिल्यापासून एक गोष्ट घोटून शिकवली : पडलास, खरचटलं, रक्त आलं, तर जखम स्वतः झाक, मग मोठ्या माणसाकडे जा, ते धुऊन पट्टी लावतील. म्हणजे शाळेतल्या पालकांना ज्या रक्ताची भीती होती, त्याचे नियम वर्गात येणाऱ्या त्या एकाच मुलाला पाठ होते.

शाळा

कायदा नव्हता अशातला भाग नाही. दक्षिण आफ्रिकेचा शाळा कायदा १९९६ चा. प्रवेशात अन्याय्य भेदभाव करू नये हे त्यात लिहिलेलं होतं. पण एचआयव्ही हा शब्द समोर आला की मुख्याध्यापकाने कोणतं पान उघडायचं, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. या कामातल्या माणसांना हा अनुभव नवा नाही. हक्क राज्यघटनेत असतो, अडवणूक खिडकीवर होते, आणि मधला परिपत्रकाचा मजला बांधलेलाच नसतो.

मेलपार्कमध्ये पालक आणि शिक्षकांसाठी कार्यशाळा झाल्या, मुलगा शाळेत जाऊ लागला. बातमीमुळे प्रश्न एका शाळेचा राहिला नाही. १० ऑगस्ट १९९९ रोजी राष्ट्रीय शिक्षण खात्याने विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी एचआयव्ही-एड्स धोरण राजपत्रात प्रसिद्ध केलं. त्यातली कलमं कोरडी आहेत आणि म्हणूनच कामाची : प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी तपासणीची सक्ती नाही, संसर्ग आहे म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, आपली स्थिती शाळेला सांगण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नाही, रक्त कुणाचंही असो, ते संसर्गित आहे असं धरूनच हाताळायचं. शेवटची तरतूद मला फार आवडते. सगळ्यांच्या रक्ताला एकच नियम लावला की ‘तो’ मुलगा कोणता हे शोधायची गरजच उरत नाही. त्याच धोरणात वयाला साजेसं लैंगिकता आणि एचआयव्ही शिक्षण अभ्यासक्रमाचा भाग असावं हेही आहे. न्कोसीच्या प्रवेशाने उघडलेल्या दारातून हा अवघड विषयही आत आला. त्याकडे पुन्हा येतो.

त्याच १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या खटल्यात, कामाला तो तंदुरुस्त असेल तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. अर्जदाराचं नाव लपवण्यासाठी निकालात फक्त इंग्रजी अक्षरं वापरली गेली. नाव झाकून मिळवलेला हक्क आणि नाव सांगून मिळवलेला हक्क, एकाच वर्षातले.

शाळा सुरू होण्याच्या थोडं आधी डॅफ्नी गेली. घरी फोन आला तो न्कोसीनेच उचलला.

डर्बन

९ जुलै २०००. तेरावी आंतरराष्ट्रीय एड्स परिषद डर्बनला भरली. उद्‌घाटन किंग्जमीड मैदानावर. आपल्याकडे हे नाव २००७ मध्ये युवराजसिंगने एका षटकात ठोकलेल्या सहा षटकारांमुळे माहीत आहे. अकरा वर्षांचा न्कोसी काळा चकचकीत सूट आणि पायात स्पोर्ट्‌स शूज घालून मंचावर आला.

तिथली हवा समजून घेतल्याशिवाय भाषण कळत नाही. सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बायकांच्या १९९९ च्या पाहणीत शंभरात बावीसहून जास्त जणी पॉझिटिव्ह निघाल्या होत्या. आईकडून बाळाला होणारा संसर्ग एझेडटी या औषधाने दोन तृतीयांशाने कमी होतो, हे १९९४ पासून माहीत होतं. १९९९ मध्ये युगांडातल्या चाचणीने आणखी सोपा मार्ग दाखवला : कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरॅपिन या औषधाची एक गोळी, जन्मल्यावर बाळाला त्याचाच एक डोस, संसर्ग जवळजवळ निम्मा. आणि राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी एझेडटीला विषारी म्हणत होते, एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेणाऱ्यांना आपल्या सल्लागार मंडळात बसवत होते. परिषदेच्या तोंडावर पाच हजारांवर शास्त्रज्ञांनी ‘डर्बन जाहीरनामा’ काढला, तो एवढंच सांगायला की एड्सचं कारण एचआयव्ही आहे. २००० साली हे सह्या करून सांगावं लागलं.

त्या संध्याकाळी म्बेकीही बोलले. जगातला सर्वांत मोठा मारेकरी दारिद्र्य आहे, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं ते; फक्त प्रश्न वेगळाच विचारला होता.

न्कोसीचं भाषण उतरवून घेऊन वाचलं की रचना दिसते. नाव, गाव, वय, ‘मला एड्स आहे’. मग केंद्र, गेलमम्मी, शाळेचा अर्ज, सभा, धोरण. धोरणाबद्दल तो ‘अभिमानाने सांगतो’ म्हणतो. मग आईची शवपेटी, तिचे मिटलेले डोळे, आणि अंत्यविधीत पहिल्यांदाच दिसलेला बाप. त्यानंतर भाषणाचा मणका येतो. ‘सरकारने एचआयव्ही असलेल्या गरोदर आयांना एझेडटी द्यायला सुरुवात करावी.’ लगेच कारण : मिकी नावाचं टाकून दिलेलं बाळ त्यांच्याकडे आलं होतं, त्याला श्वास घेता येईना, खाता येईना, ते दवाखान्यात गेलं आणि मेलं. ‘बाळं मरायला नकोत मला.’ पुढे न्कोसीज हेवन या घराची माहिती, १९९९ मध्ये सुरू झालेलं, दहा आया, पंधरा मुलं. पुढल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत अशी पाच घरं करायची आहेत, कारण आया आणि मुलांची ताटातूट होता कामा नये. सर्वांत शेवटी जगभर गाजलेला भाग : ‘आमची काळजी घ्या, आम्हाला आपलं म्हणा. आम्हाला हात आहेत, पाय आहेत. आम्ही चालतो, बोलतो. आम्हाला घाबरू नका, आपण सगळे सारखेच.’

पोस्टरवर शेवट गेला. मधली मागणी पोस्टरवर मावत नाही. आणि म्बेकी तर मुलाचं बोलणं संपायच्या आधीच उठून गेले, असं त्या वेळच्या बातम्यांत आहे.

जो विद्यार्थी गट जनजागृतीचं पथनाट्य बसवतोय, त्याने हे भाषण समोर ठेवून एक मोजमाप करावं. त्यात मागण्या दोन : एक सरकारकडे, एक समाजाकडे. सरकारकडच्या मागणीत औषधाचं नाव आहे, ते कुणाला द्यायचं हे आहे आणि कशासाठी हेही आहे. आपल्या डिसेंबरातल्या फेऱ्यांमध्ये ‘एड्सला हरवूया’ यापलीकडे काय असतं?

ज्या बाईला टाळ्या मिळाल्या नाहीत

डर्बनला लागूनच क्वामाशू ही वस्ती आहे. डिसेंबर १९९८ मध्ये, जागतिक एड्स दिनाच्या निमित्ताने, गुगु द्लामिनी या बाईने आपण पॉझिटिव्ह असल्याचं जाहीर सांगितलं. काही दिवसांत तिथल्याच जमावाने तिला इतकं मारलं की ती दगावली. दीड वर्षानंतर, त्याच शहरात, तेच वाक्य एका मुलाने उच्चारलं आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की प्रकरणाची खरी अडचण दिसते. मुलगा जन्मतः संसर्गित, म्हणजे ‘निष्पाप’. बाई ‘निष्पाप’ नाही. तिने काहीतरी केलं असणार. न्कोसीची आई डॅफ्नी ज्या भीतीने गप्प राहिली, ती भीती किती रास्त होती हे गुगुच्या मरणाने सांगितलं. न्कोसीच्या भाषणात लैंगिक संबंध हा शब्द नाही, कंडोम नाही. अकरा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षाही नाही. पण त्याच्यामुळे जी सहानुभूती उसळली, ती पंधरा-सोळा वर्षांच्या, प्रेमात पडून संसर्ग झालेल्या मुलीपर्यंत आपोआप पोचत नाही. उलट तिला ती आणखी एकटं पाडू शकते : बघा, तो बिचारा, आणि ही.

गुगुच्या खुनानंतर औषधोपचारासाठी लढणाऱ्या ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन म्हणजे टॅक या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी याला उत्तर शोधलं ते साधं होतं. छातीवर ठळक अक्षरांत ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ लिहिलेले टी-शर्ट. ज्यांना संसर्ग आहे त्यांनीही घालायचे, ज्यांना नाही त्यांनीही. कोण कुठला हे कळू नये, म्हणून सगळ्यांनीच. शाळेच्या धोरणातला रक्ताचा नियम तो हाच. तिथे हातमोज्यांना लावला, इथे टी-शर्टला.

गोळी

टॅकची स्थापना १० डिसेंबर १९९८, केपटाऊन. ‘भाषणाने सरकार हललं’ असं वाक्य लिहायचा मोह होतो, पण ते खरं नाही. जुलै २००० मध्येच बोहरिंगर इंगेलहाइम या उत्पादकाने नेव्हिरॅपिन पाच वर्षं फुकट द्यायची तयारी दाखवली. सरकारने ते प्रत्येक प्रांतात दोन, अशा अठराच केंद्रांपुरतं ठेवलं. म्हणजे डॉक्टरला औषध माहीत, औषध फुकट, बाई कळा देतेय, आणि दवाखाना यादीत नाही म्हणून गोळी द्यायची नाही.

डिसेंबर २००० च्या अखेरीस न्कोसी कोसळला आणि मेंदूला इजा झाल्याने पुन्हा बोलता झाला नाही. १ जून २००१ रोजी बाराव्या वर्षी गेला. ऑगस्टमध्ये टॅक, बालरोगतज्ज्ञ हारून सलूजी आणि चिल्ड्रन्स राइट्स सेंटर कोर्टात गेले. डिसेंबरात प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात ते जिंकले, सरकार अपिलात गेलं, आणि ५ जुलै २००२ रोजी घटना न्यायालयाने सांगितलं : अठरा केंद्रांची अट काढा, वैद्यकीयदृष्ट्या गरज असेल तिथे सरकारी दवाखान्यात हे औषध मिळालं पाहिजे. आधार आरोग्यसेवेच्या हक्काचा आणि मुलांच्या हक्कांचा. न्कोसीचं ते वाक्य आणि हा निकाल यांत चार दिवस कमी दोन वर्षं. या दोन वर्षांत वस्त्यावस्त्यांत जाऊन विषाणू कसा वाढतो, गोळी काय करते हे समजावणारी माणसं होती, मोर्चे होते, प्रतिज्ञापत्रं होती. मुलाचा आवाज पुढे, मागे फायलींचा गठ्ठा.

या साखळीत एक कडी मुंबईची आहे. न्कोसी ज्या एझेडटीसाठी आर्जव करत होता, ते औषध सिप्ला ही तिथली कंपनी १९९३ पासून बनवत होती. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे प्रमुख युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या वैद्यकीय संस्थेला माणशी ३५० डॉलरला देऊ केला. तेव्हा पेटंटवाल्या कंपन्यांचा दर दहा हजारांच्या वर होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, स्वस्त औषधांची वाट मोकळी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या औषध कायद्यावर खटला भरलेल्या ३९ कंपन्यांनी माघार घेतली. आता मान खाली घालायची गोष्ट : ही औषधं बनवणाऱ्या आपल्या देशात सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीवरची मोफत उपचारपद्धती (एआरटी) सुरू झाली ती १ एप्रिल २००४ ला.

विलंबाची किंमत हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये काढली : २००० ते २००५ दरम्यान ३ लाख ३० हजारांहून जास्त टाळता येण्याजोगे मृत्यू आणि ३५ हजार बाळांना टाळता येण्याजोगा संसर्ग. उलट बाजूही आहे. २०१० च्या राष्ट्रीय पाहणीत, एचआयव्ही असलेल्या आयांच्या चार ते आठ आठवड्यांच्या बाळांत संसर्गाचं प्रमाण ३.५ टक्क्यांवर आलं होतं.

मंचावर मूल

आजारी मुलाला कॅमेऱ्यासमोर उभं करणं योग्य होतं का? मला याचं ठाम उत्तर देता येत नाही. गेल जॉन्सन जनसंपर्काच्या व्यवसायातल्या. बातमी कशी चालते हे त्यांना कळत होतं. मुलाला मात्र आपला आजार माहीत होता, आणि ‘मोठा झालो की गेलमम्मीने परवानगी दिली तर देशभर फिरून एड्सबद्दल बोलेन’ असं तोच म्हणाला. त्यातलं ‘परवानगी दिली तर’ मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे वसतिगृहातल्या मुलांना देणगीदारांसमोर ओळीने उभं करतात, तेव्हा मुलांना असं काही विचारलेलं असतं का? जुलै २००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात एचआयव्ही असलेली मुलं गावच्या शाळेत आली म्हणून इतर पालकांनी आपली मुलं काढून घेतली होती. तेव्हा वादाच्या केंद्रस्थानी मुलं होती, पण बोलत होते सगळे मोठेच.

अवघड विषयाकडे परत येतो म्हणालो होतो. दक्षिण आफ्रिकेच्या २००५ च्या बालक कायद्याने बारा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या संमतीने एचआयव्ही तपासणी करून घेण्याची मुभा दिली, त्याला कंडोम नाकारता येणार नाही असं सांगितलं आणि त्याची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलं. गुगु आणि न्कोसी यांच्यातली दरी बुजवायला सुरुवात होते ती इथे, कारण संसर्ग कसा झाला हे कायदा विचारत नाही. महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळांतला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम थांबवला. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या तपासणीला आपल्याकडे सर्वसाधारणपणे पालकांची संमती लागते, आणि अठराखालच्यांशी लैंगिक संबंध हा गुन्हा मानून तो कळवायला लावणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानंतर सोळा-सतराची मुलगी आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्राच्या दारात आली तर समुपदेशकाच्या डोक्यात पहिला प्रश्न पोलिसांना कळवायचं की नाही हा येतो.

तरी आपल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात एक फारशी चर्चा न झालेली तरतूद आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एड्सची झळ बसलेल्या घराचा कारभार बारा वर्षांपुढचं, पुरेशी समज असलेलं मूल सांभाळत असेल, तर धाकट्या भावंडांचा पालक म्हणून त्याची सही चालते. उपचारासाठी, बँकेच्या खात्यासाठी आणि शाळाप्रवेशासाठीही. म्हणजे आई-बाप गेलेल्या घरातली तेरा वर्षांची ताई धाकट्याचा अर्ज भरू शकते. आजाराच्या रकान्यात ती आडवी रेघ मारेल, तो तिचा हक्क. पालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहील. आणि खिडकीपलीकडून विचारतील, ‘घरातलं मोठं कुणी नाही आलं का?’